टायरातला सराटा

अमेरिकेत मुलीकडे चार महिने राहून आले म्हटले, की लोक हमखास विचारतात, "नायगारा पाहिलात का?" नाही पाहिला. मी होते टूसॉनला. अ‍ॅरिझोना राज्यातले, सोनोरन वाळवंटात वसलेले हे शहर. (लिहिताना मध्ये एक 'सी' येतो, पण तो कुणी उच्चारत नाही.) आणि तिथे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी सायकल चालवली.

सायकल मला नवी नव्हे. टिळकवाडीतून काँग्रेस रोडने शाळेला सायकलनेच जात असे. लग्नानंतर सुटली ती सुटलीच. टूसॉनला पोचल्यावर पंधरा दिवस घरात बसून काढले. लेक-जावई कामावर, नातू शाळेत. जावई धारवाडचे, त्यामुळे नातू मला 'अज्जी' म्हणतो. आठ वर्षांचा आहे. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात, उत्तर मात्र इंग्रजीत येते. मी बोललेले त्याला समजायचे, पण बोलणे पुढे जायचे नाही. एका संध्याकाळी त्याने मला हाताला धरून गॅरेजमध्ये नेले आणि आईची जुनी सायकल दाखवली. तेवढी भाषा आम्हा दोघांनाही येत होती.

तिथे 'लूप' नावाचा पक्का रस्ता आहे. फक्त सायकलवाले आणि पायी चालणारे यांच्यासाठी. शहराला वळसा घालत दोनशे किलोमीटरहून जास्त पसरलेला. मोटारी नाहीत, सिग्नल नाहीत. मोठे रस्ते आले की वाट पुलाखालून जाते. आणि ही वाट आहे नद्यांच्या काठाने! रिलिटो, सांताक्रूझ अशी सुंदर नावे, पण पात्रात नुसती वाळू. टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम अकरा इंच पाऊस. बेळगावात तेवढा एकट्या जुलैत पडून जातो. गंमत म्हणजे दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण सारख्याच उंचीवर, अडीच हजार फुटांच्या आसपास. मग या कोरड्या नद्यांना एवढे भक्कम बांध कशाला, असे मला वाटले. कारण १९८३ च्या ऑक्टोबरात याच नद्यांना असा पूर आला, की काठची घरे वाहून गेली. त्यानंतर माती-सिमेंटने काठ बांधून काढले आणि त्या बांधांवरच हळूहळू हा रस्ता झाला.

रिलिटोच्या काठाने पूर्वेकडे निघाले, की डाव्या हाताला कॅटालिना डोंगर सतत सोबत असतो. सकाळी निळा, संध्याकाळी अगदी गेरूच्या रंगाचा. त्यातले माउंट लेमन शिखर नऊ हजार फुटांवर आहे. वर पाइनची झाडी आणि थंडीत बर्फ. जवान मंडळी तिथवर सायकल चढवतात. आम्ही खालूनच नमस्कार केला. संध्याकाळी कॅम्बेल रस्त्याच्या पुलाखालून हजारो वटवाघळे धुरासारखी बाहेर पडतात. नातवाला ती दाखवायची घाई, मला मात्र डोक्यावर पदर नसल्याची चिंता.

एका रविवारी सग्वारो राष्ट्रीय उद्यानात गेलो. तेरा किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, चढ-उतार भरपूर. अर्धे चढ मी सायकल ढकलतच चढले, यात लाज कसली? सग्वारो म्हणजे सिनेमात दिसतो तो हात वर केलेला उंच निवडुंग. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो. पहिला हात फुटायला पन्नास ते शंभर वर्षे लागतात. मे महिन्यात टोकांना पांढरी फुले आली होती. नातू आपल्या वयाचा सग्वारो शोधत बसला, पण दीड इंचाचा निवडुंग झुडपाखाली सापडणार कसा! माझ्या वयाचे मात्र पुष्कळ दिसले, बहुतेक बिनहाताचे.

आता त्या दिवशीचे. मेअखेर, शाळेला सुट्टी लागलेली. तिथला नियम असा, की उन्हाळ्यात साडेपाचला निघायचे आणि आठला घरी. माझा चहा, पूजा यात निघायलाच आठ वाजले. पाण्याची बाटली दोघांत एक. तासाभराने नातवाची सायकल बसली. मागच्या टायरात काटा. सावली नावाला नाही, पारा पस्तिशीकडे चाललेला. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडून जातो. त्यामुळे आपण सुकत चाललो आहोत हे कळत नाही. मला कळले ते डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा. मी बांधावर बसले. नातवाने उरलेले घोटभर पाणी माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "अज्जी, तू पी." चार महिन्यांतले त्याचे पहिले मराठी वाक्य. मी त्यालाच ते पाजले. उशीर माझ्यामुळे झाला होता. लेक पाण्याविषयी रोज बजावत होती, आणि मी 'आम्ही काय ऊन पाहिले नाही का' म्हणत असे.

मागून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून आले. आधी आम्हा दोघांना थोडे थोडे पाणी दिले, मग माझ्या मानेवर ओला रुमाल ठेवायला लावला. त्यानंतर खाली बसून टायर उघडले. नातवाशी इंग्रजी, फोनवर बायकोशी स्पॅनिश आणि स्वतःशी पुटपुटताना दोन्ही. त्यांच्या घराण्याने गाव बदलले नाही. १८५४ पर्यंत टूसॉन मेक्सिकोत होते, मग जमिनीचा व्यवहार झाला आणि सरहद्द दक्षिणेला सरकली. "आम्ही इथेच आहोत," एवढेच ते म्हणाले. मी मान डोलावली. बेळगावच्या माणसाला याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

त्यांनी टायरातून काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाहते तर सराटा! आपल्या माळावर अनवाणी पायात रुततो तोच, दोन शिंगांचा. तिथे त्याला 'बकरीचे डोके' म्हणतात. सायकलवाल्यांचा तो मोठा वैरी, त्यामुळे पुष्कळजण ट्यूबमध्ये आधीच चिकट द्रव भरून ठेवतात. मी नातवाला म्हटले, "हा सराटा. तुझ्या धारवाडच्या अज्जी याला नेग्गिलमुळ्ळु म्हणतील." त्याने दोन्ही शब्द तीन-चारदा म्हणून पाहिले.

घरी लेक रागावली, आणि बरोबरच होते. दुसऱ्या दिवसापासून तीन बाटल्या, पहाटे सव्वापाच. निघण्यापूर्वी सॅन झेवियरच्या १७९७ साली पुऱ्या झालेल्या पांढऱ्याशुभ्र चर्चपर्यंत जाऊन आलो, सायकली गाडीत घालून. तिथे तोहोनो ओओधाम बायका भटुऱ्यासारखी मोठी पोळी तळून विकतात. नातवाने दोन खाल्ल्या.

आता रविवारी फोन येतो. परवा विचारत होता, "अज्जी, बेळगावात सराटे आहेत? मग माझी सायकल तिथे चालेल?" मी पंक्चरवाल्याचे दुकान घराजवळच असल्याचे सांगितले.