गणतीबाहेरची मंडळी

यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे सामुदायिक उपासनेस दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक असते. या दहांच्या समूहास मिनयान म्हणतात, आणि तो पुरा भरल्यावाचून काद्दीश, म्हणजे मृताच्या नावाने म्हणावयाचे ईशस्तवन, म्हणता येत नाही, हेखाल या पवित्र कपाटातील सेफेर तोरा ही धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही, व हजानाने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, कितीही तन्मयतेने प्रार्थना केली तरी ती त्याच्या एकट्याचीच राहते. मुंबईतील आमच्या लहानशा प्रार्थनामंदिराचे चिटणीसपद पुष्कळ वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि दफ्तर सांभाळणे व जमाखर्च लिहिणे हे या पदाचे कागदोपत्री काम असले तरी शनिवारी सकाळी दाराशी उभे राहून माणसे मोजणे हेच त्याचे खरे काम होय, असे मी म्हटले तर ज्यांना आमच्या समाजाची आजची स्थिती ठाऊक आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही.

आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतील थोडे स्त्रीपुरुषच जगले आणि त्यांजपासून आमचा वंश वाढला, अशी आमच्याकडे परंपरेने चालत आलेली कथा आहे. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवून, शनिवारी मात्र ते बंद ठेवून, जवळ धर्मग्रंथ नसताना व धर्मोपदेशक नसतानाही ज्यांनी शाब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतिदिन) आणि शेमा ही श्रद्धेची प्रार्थना यांना अंतर दिले नाही, त्या शनिवार तेल्यांचे आम्ही वंशज असून केहीम, पेण, रोहे, दिवे या गावांची नावे आमच्या आडनावांत आजही नांदत आहेत. सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या पलटणीतील अंमलदाराने 1796 मध्ये मुंबईत शाआर हारहमीम ही आमची पहिली मशीद, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधली. पुढे गावोगावी मुकादम, चौगुले, गबाई, हजान अशी मानकऱ्यांची रीतसर व्यवस्था बसली. आणि 1948 नंतर, इस्राएल राष्ट्र अस्तित्वात आल्यावर, ज्या वेगाने हा समाज वाढला होता त्याहून अधिक वेगाने तो येथून उठून गेला. आज भारतात आम्ही काही हजारच उरलो आहोत. ज्या बाकांवर जागेसाठी दाटी होत असे त्या बाकांवर दहावा मनुष्य येईतो हजानसाहेब ताटकळत बसतात, हा आमचा करोनाच्या महामारीपूर्वीचाच शिरस्ता होता.

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी जारी झाली आणि सरकारी हुकुमान्वये सर्व प्रार्थनास्थळे बंद झाली, तेव्हा तोपर्यंत निदान मोजण्यापुरती येणारी माणसेही दारापर्यंत येईनाशी झाली. समाजातील काही तरुणांनी सुचवले की, कचेऱ्या आणि शाळा ज्या रीतीने दूरदृश्य बैठकांवर चालू लागल्या आहेत त्याच रीतीने आपणही उपासना चालवावी. सूचना साधी होती, परंतु तीमधील अडचणी साध्या नव्हत्या. कारण शाब्बाथच्या दिवशी आणि सणाच्या दिवशी विजेचे यंत्र चालवण्यास शास्त्राची मनाई आहे, आणि दहा जण दहा घरांतून एका पडद्यावर दिसले म्हणून ते एका ठिकाणी जमले असे होत नाही. जगभर हाच प्रश्न त्या दिवसांत ऐरणीवर आला होता. सुधारक पंथाच्या मंडळ्यांनी फारसे आढेवेढे न घेता पडद्यावरची उपासना स्वीकारली. इस्राएलमधील उत्तर आफ्रिकी परंपरेच्या काही रब्बींनी एकाकी वृद्धांच्या सोयीसाठी पेसाख सणाच्या रात्री अशा संपर्कास सशर्त मुभा दिली, तर तेथील मुख्य रब्बी संस्थेने तिला हरकत घेतली. आमच्या पंचांनी टेलिफोनवरच विचारविनिमय करून असा निर्णय केला की, शाब्बाथ व सण यांच्या वेळेत यंत्रे बंदच राहतील; शुक्रवारी दिवे लावण्याच्या वेळेपूर्वी आणि इतर वारी संध्याकाळी मंडळी पडद्यावर जमेल; तेहिलीम ही स्तोत्रसंहिता व इतर स्तोत्रे म्हटली जातील; मात्र ज्यास मिनयान लागतो असे काहीही म्हटले जाणार नाही. हा निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला व आजही वाटतो. ज्या नियमांनी आमचा समाज इतकी शतके एकत्र धरून ठेवला ते अडचणीच्या प्रसंगी प्रथम सोडून द्यावयाचे असतील, तर एकत्र राहून आम्ही राखणार ते काय, असा माझा प्रश्न होता.

पहिली कसोटी पेसाखची लागली. त्या वर्षी 8 एप्रिलच्या बुधवारी रात्री सेदेर होता, आणि सेदेर म्हणजे तीन पिढ्यांनी एका मेजाभोवती बसून मिसर देशातून सुटकेची कथा वाचावयाची. ती संध्याकाळ मावळण्यापूर्वी आम्ही हग्गादा या सेदेरच्या पोथीमधील काही भाग मराठीतून मिळून वाचला. आमच्या समाजात मराठी हग्गादा 1846 पासून छापील स्वरूपात आहे, आणि 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या प्रतीत तर बिनखमिरी भाकऱ्या भाजणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. वाचन संपून सर्वजण आपापली यंत्रे बंद करण्याच्या बेतात असता एका आजींनी हात वर केला. त्यांची मुले परदेशी, यजमान निवर्तलेले. सेदेरच्या रात्री घरातील सर्वांत धाकट्या मुलाने जे चार प्रश्न विचारावयाचे असतात ते आपल्या घरी कोण विचारणार, असे त्यांनी हजानसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “आजी, एकटा असेल त्यानेही स्वतःलाच विचारावेत, असे शास्त्र आहे. तुम्ही मोठ्याने विचारा आणि उत्तरही मोठ्यानेच द्या.” आजींनी मान डोलावली, चष्मा काढून पदराने पुसला, आणि मग एकेक चौकट विझत गेली.

शुक्रवारच्या बैठकीस लवकरच एक ठरीव वळण लागले. या यंत्राचा एक गुण असा की, दहापाच जण एकदम म्हणू लागले म्हणजे प्रत्येकाचा आवाज निमिषभर मागेपुढे पोहोचतो व एकसुरात म्हणावयाचे स्तोत्र पार विस्कटून जाते. म्हणून हजानसाहेबांखेरीज सर्वांचे आवाज बंद ठेवावे लागत. एरवी मशिदीत आपल्या शेजाऱ्याचा सूर चढलेला असला की आपलाही चढतो. येथे समोर केवळ हलणारे ओठ दिसत आणि आपला स्वतःचा स्वर तेवढा घरातील भिंतींना ऐकू जाई. परंतु या उणिवेबरोबरच एक लाभही झाला, व तो मला मोलाचा वाटतो. आमच्या मंदिरात स्त्रिया वरच्या सज्जात बसतात. जन्मभर ज्यांनी हजानाची पाठ आणि पुरुषांच्या टोप्या पाहिल्या त्या बायका आता सर्वांसारख्याच एकेका चौकटीत समोरासमोर बसल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींना स्तोत्रे पुस्तकाशिवाय मुखोद्गत आहेत हे आम्हां पुरुषांस प्रथमच कळून आले.

तथापि खरी अपूर्वाई पुढे घडली. कोणीतरी बैठकीचा पत्ता इस्राएलमधील आपल्या नातलगांस कळवला, आणि पाहता पाहता लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथून माणसे येऊ लागली. यांतील कित्येक जण गेल्या शतकाच्या पन्नास-साठच्या दशकांत आमच्याच मंदिरातून निरोप घेऊन गेलेले होते. त्यांची जागा कोणत्या बाकावर होती हे येथील वृद्धांस अद्याप आठवत होते. त्यांची मराठीही त्याच काळातील राहिली होती. ‘आगबोट’ आणि ‘दिवाणखाना’ हे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येत, तर त्यांच्या मागे बसलेली नातवंडे हिब्रूखेरीज दुसरी भाषा जाणत नव्हती. दिमोनाच्या एका बाईंनी एके दिवशी योसेफच्या आख्यानातील कीर्तनाचा भाग पेटीवर म्हणून दाखवला. मराठी कीर्तनाची ही प्रथा आमच्या समाजाने 1880 च्या सुमारास हिंदू कीर्तनकारांपासून उचलली आणि तीत बायबलमधील कथा गुंफल्या. मुंबईत ती आता क्वचितच ऐकू येते, आणि ती नेगेव्हच्या वाळवंटातून परत मुंबईस यावी, याचा मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

वेळेचे गणित मात्र विलक्षण होते. उन्हाळ्यात इस्राएलचे घड्याळ आमच्याहून अडीच तास मागे असते. त्यामुळे आमच्या शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वी तेथे ऐन दुपार कललेली असे, व त्यांना येण्यास काही अडचण पडत नसे. शनिवारी रात्री उलट होई. आमचा शाब्बाथ संपून आकाशात चांदण्या दिसल्या तरी त्यांचा अद्याप चालू असे, आणि तो संपेतो येथे रात्रीचे अकरा वाजत. हवदाला, म्हणजे शाब्बाथच्या समाप्तीचा विधी, झाल्यावाचून अन्न घ्यावयाचे नाही, सबब मुंबईची घरे आपापली हवदाला वेळेवर उरकून घेत. मग अकराच्या सुमारास आम्ही पुन्हा बसत असू आणि त्यांच्या हवदालाचे साक्षी होत असू. पिळाची मेणबत्ती तेथे पेटे, काळ्या मनुकांचे सरबत पेल्यात ओतले जाई. सुगंधाच्या आशीर्वादासाठी सब्जाची डहाळी लोदमधील एका कुटुंबाने खिडकीतल्या कुंडीत लावली होती. तिचे बी आपल्या आईने मुंबईहून नेले होते, असे त्या गृहस्थांनी डहाळी पडद्याजवळ धरून आम्हांस सांगितले. त्यानंतर एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गीत म्हटले जाई, आणि त्या एका गीतापुरते आम्ही सर्वांचे आवाज खुले ठेवीत असू. ते विस्कळीत ऐकू येई, परंतु ते बंद करावे असे कोणीही कधी म्हटले नाही.

यहुदी पंचांगातील एलूल महिन्यात पहाटेच्या सेलिहोत या क्षमायाचनेच्या प्रार्थनांच्या वेळी शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकतात. हजानसाहेबांनी पहिल्या दिवशी तो ओठांस लावला, गाल फुगले, कपाळाच्या शिरा ताठ झाल्या, आणि आम्हांस आरंभीचा एक तुटका फुत्कार तेवढा ऐकू येऊन पुढे सारे निःशब्द झाले; कारण दीर्घकाळ एकाच पट्टीत राहणारा ध्वनी म्हणजे पंख्याची घरघर, अशी त्या यंत्राची समजूत असून ते असा आवाज आपण होऊन गाळून टाकते. एका मुलीने ती गाळणी बंद करण्याची तजवीज शोधून काढली व दुसऱ्या दिवसापासून शोफार पुरा ऐकू आला. यंत्रातून ऐकलेल्या शोफारने रोश हशाना या नववर्षाच्या सणाचे कर्तव्य मात्र पार पडत नाही. त्या वर्षी सणाचा पहिला दिवस शाब्बाथचा आल्याने शोफार दुसऱ्या दिवशी, रविवारी 20 सप्टेंबरला, फुंकावयाचा होता, आणि तो हजानसाहेबांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवरून फुंकला. आसपासच्या चाळींतील आमची कुटुंबे खिडक्यांशी उभी होती, आणि त्यांच्याबरोबर शेजारची मुसलमान व हिंदू बिऱ्हाडेही स्तब्ध उभी राहिली होती.

शुक्रवारी पडद्यावर कित्येकदा इतके पुरुष असत की चार मिनयान सहज भरले असते, आणि तरीही शास्त्रदृष्ट्या त्यांची संख्या शून्यच होती. एका तरुणाने मला कळवळून विचारले, “काका, ही माणसं समोर दिसताहेत, बोलताहेत, मग मोजायला काय हरकत आहे?” गणतीत धरले जाणे हा आमच्यासाठी निव्वळ शास्त्रार्थाचा विषय नाही, हे मला माहीत आहे. इस्राएलला गेलेल्या आमच्या बांधवांचे यहुदीपण विवाहाच्या बाबतीत तेथील धर्माधिकाऱ्यांनी संशयास्पद ठरवले होते, आणि 1964 मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरल्यानंतर, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे त्या सरकारास जाहीर करावे लागले. एवढे असूनही मी त्या मुलास हेच सांगितले की, दहा माणसांनी एका ठिकाणी येण्याचे कष्ट घ्यावेत यासाठीच तो नियम आहे. ते कष्ट टाळण्याची सोय झाली तर टाळेबंदी उठल्यावर आपल्या मंदिराचे दार उघडण्याचे प्रयोजन उरणार नाही. त्याचे समाधान झाले नाही. त्याच्या वयात माझेही झाले नसते.

त्यानंतर आमचे एक वयोवृद्ध चौगुले वारले. घरातील माणसे विलगीकरणात, दफनास हजर राहणाऱ्यांच्या संख्येवर सरकारी निर्बंध, आणि भीती तर सर्वत्र. दफनभूमीत दहा पुरुष काही जमले नाहीत, आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या काद्दीशसाठी दहावे म्हणून धावत यावे त्यांचा स्वतःचा काद्दीश झाला नाही. त्यांचा मुलगा लोदला असतो. त्या संध्याकाळी, आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले असता, तेथील शेजाऱ्यांनी इमारतीपुढच्या मोकळ्या जागेत अंतराअंतराने उभे राहून मिनयान भरवला, आणि एका मुलाने फोन हातात धरून तो आम्हांस दाखवला. दहा जण एकत्र असतील व त्यांची प्रार्थना त्याच क्षणी दूरवर ऐकू येत असेल, तर ऐकणाऱ्याने गणतीत नसतानाही आमेन म्हणावे, असा निर्वाळा सेफार्दी परंपरेतील थोर धर्मपंडित ओवादिया योसेफ यांनी देऊन ठेवलेला आहे. हजानसाहेबांनी आम्हांस तो आधार वाचून दाखवला आणि सर्वांचे आवाज खुले केले. मुलाचा कंठ दाटून येत होता. दर ओळीस प्रथम त्याच्या भोवतालच्या दहांचे आमेन येई आणि मागोमाग मुंबईचे, ठाण्याचे, अलिबागचे. विधवा चौगुलीणबाई आपल्या बंद खोलीतून त्यांत सामील होत्या. वारल्यापासून वर्षश्राद्धाच्या आसपासपर्यंत त्या मुलाने तेथे काद्दीश म्हटला, आणि शाब्बाथ व सण वगळता ज्यास जमेल त्याने येथून आमेन म्हटले.

16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली; पुढे दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये घटस्थापनेस पुन्हा उघडली. आम्ही परतलो तेव्हा काही बाक कायमचे रिकामे झाले होते. मी पूर्वीप्रमाणे शनिवारी दाराशी उभा राहतो व मोजतो, आणि दहावा मनुष्य पूर्वीप्रमाणेच उशिरा येतो. त्या प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने मात्र आता एकही शनिवार चुकवलेला नाही. शुक्रवारची बैठक आम्ही बंद केली, कारण आता त्या वेळी मंदिरातच असावयास हवे. शनिवार रात्रीची मात्र पंचांच्या ठरावाने कायम ठेवली असून तिची वेळ लोदच्या चांदण्यांवर ठरते: हिवाळ्यात पावणेनऊ, उन्हाळ्यात अकरा.