कव्हरचा हिशेब

परवा आमच्या कन्यारत्नाने एक काळा टी-शर्ट आणला. छातीवर पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा. मी विचारलं, "कुणाचा गं हा कार्डिओग्राम?" मातोश्रींना त्यात सह्याद्री दिसला. सौ.ने नुसती किंमत विचारली आणि कार्डिओग्राम माझा काढायची वेळ आली.

"बाबा, हे रेकॉर्डचं कव्हर आहे!"

मँचेस्टरच्या 'फॅक्टरी' कंपनीने १९७९ साली काढलेल्या, 'जॉय डिव्हिजन' या बँडच्या 'अननोन प्लेझर्स'चं. रेघा म्हणजे १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सर ताऱ्याचे रेडिओ संकेत. खगोलशास्त्राच्या कोशातलं चित्र. पांढऱ्यावरचं काळं होतं, ते पीटर सॅव्हिल या डिझायनरने काळ्यावर पांढरं केलं. आणि दर्शनी बाजूला ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं! अहो, बिननावाचे कागद परत करण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

हे सगळं ऐकवण्यामागचा डाव मी ओळखला. चिरंजीव कन्येला बारावी कॉमर्सनंतर अप्लाइड आर्टला जायचं होतं. मी पडलो बी.कॉम. रात्रभर वाचून त्याच कंपनीचा ताळेबंद तिच्यापुढे मांडला.

"१९८० साली त्यांनी 'दुरुत्ती कॉलम'च्या रेकॉर्डला सँडपेपरचं कव्हर घातलं. कशाला? तर कपाटातल्या शेजारच्या कव्हरांना ओरखडे पडावेत म्हणून! हे तर आमच्या सोसायटीत फुकट होतं. १९८३ साली 'न्यू ऑर्डर'चं 'ब्लू मंडे'. कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं, मधे भोकं कापलेली, अक्षरांऐवजी रंगांचे चौकोन. छपाई इतकी महाग, की प्रत्येक प्रतीमागे तोटा व्हायचा, असं कंपनीवालेच सांगत. आणि खप अफाट! जितकी विक्री, तितकं नुकसान. अशा माणसाला कर्ज देणारा मॅनेजर अजून जन्मायचाय. १९९२ साली बुडाली कंपनी. बोल आता!"

"कंपनी बुडाली, बाबा. कव्हर कुठं बुडालं?" तिने टी-शर्टची घडी घालत विचारलं.

मी गप्प. पुस्तकात 'गुडविल' नावाची न दिसणारी मालमत्ता असते. तिची व्याख्या लिहून मी पाच मार्क मिळवले होते. ती अंगात घालता येते हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

खरं सांगायचं तर, शाळेत मीही चित्रं बरी काढायचो. वडिलांनी विचारलं, "याने पोट भरेल का?" मी कॉमर्सला गेलो. पोट भरलं. इतकं, की आता ते काउंटरला टेकतं.

तिने प्रवेशाचा फॉर्म पुढे केला. पालकांच्या सहीची जागा रिकामी होती, आणि घाईत बाईसाहेब वर स्वतःचं नाव लिहायलाही विसरल्या होत्या.

बँकेत असला कागद मी डोळे मिटून परत केला असता. इथे निमूटपणे सही केली.