झाडासकट माप

२५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेला दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर आली आहे, कोर्टकचेरीवर पैसे घालवण्यापेक्षा मराठी पाट्या करून घ्या, असा त्या सांगण्याचा रोख होता. दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीतल्या आमच्या गाळ्याचे शटर वर केले तेव्हा बाहेर माणसे उभी होती. कुणी मोबाईलवर दुकानाचा फोटो दाखवत होते, कुणी कागदावर लांबी-रुंदी लिहून आणली होती. ‘ताई, काहीही करा, दिवाळीच्या आत लागली पाहिजे,’ एवढेच सगळ्यांचे म्हणणे.

माझे वडील पेंटर. पत्र्यावर प्रायमर, त्यावर एनॅमल, खडू लावलेल्या दोरीने मारलेल्या रेघा आणि खारीच्या केसांचा ब्रश, एवढ्यावर त्यांनी डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या दुकानांची नावे लिहिली. आता गाळा मी चालवते. पत्र्याच्या जागी एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट) शीट आली, ब्रशच्या जागी अ‍ॅक्रिलिकची कापलेली अक्षरे आणि त्यांच्या पोटात एलईडी. पण पाटी करणाऱ्याचा पहिला प्रश्न अजून तोच आहे: माणूस कुठून येणार आणि त्याची नजर कुठे पडणार?

मराठी पाटीची अट नवी नव्हती. पण २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने निसटत होती, आणि आपल्याकडची बहुतेक दुकाने तेवढीच असतात. २०२२ साली विधिमंडळाने ती पळवाट बंद केली. नाव मराठीत, देवनागरीत, आधी मराठी आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नाही, असे ठरले. मला हे मनापासून पटलेले आहे. वडिलांची निम्मी हयात ‘नाव इंग्लिशमध्येच टाका, मराठीत खाली बारीक लिहा’ हे ऐकण्यात गेली.

अक्षर लहान नको, हे कायद्यात एका वाक्यात येते. आमच्या टेबलावर ते एवढे सरळ नसते. ‘मेडिकल’ लिहायचे तर वर मात्रा आणि वेलांटी, ‘ज्वेलर्स’मध्ये रफार, ‘फूटवेअर’मध्ये खाली ऊकार. मात्रेच्या टोकापासून ऊकाराच्या शेपटीपर्यंत एक फूट धरला तर शिरोरेषेखालच्या अक्षराला सातेक इंच उरतात, आणि शेजारचे फूटभर उंचीचे इंग्रजी कॅपिटल त्याला दाबून टाकते. फूटपट्टी लावली तर दोन्ही सारखी, रस्त्यावरून बघितले तर मराठी लहान. म्हणून मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजते आणि तेवढे इंग्रजीच्या बरोबरीचे ठेवते. मात्रा आणि उकारांना जागा वेगळी द्यायची. त्याने पाटीची उंची वाढते.

गोष्ट पुढे गेली ती इथून. इंग्रजी नाव काढून टाकायला किंवा लहान करायला फार थोडे गिऱ्हाईक तयार होते. बाकीच्यांना इंग्रजी होते तेवढेच हवे होते, वर मराठीची ओळ हवी होती. दोन फुटांच्या पाट्या साडेतीन फुटांच्या झाल्या. वर पहिल्या मजल्याची गॅलरी, खाली शटर, मग पाटी छज्ज्याच्या पुढे सरकून फुटपाथवर आली. आणि फुटपाथवर झाड होते.

डोंबिवली पूर्वेतल्या एका औषधाच्या दुकानासमोर देशी बदाम आहे. बदामाच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात, त्यामुळे पाटीच्या उंचीवर हमखास एक मजला येतोच. दुकानाचे मालक वयस्कर गृहस्थ, वडिलांचे जुने गिऱ्हाईक. मी माप घ्यायला गेले तर ते फांद्यांकडे बघत म्हणाले, ‘पाटी लावणारी पोरं येतील ना, त्यांच्याकडूनच ह्या दोन उडवून घेऊ. एवढा खर्च करायचा आणि पाटी दिसायची नाही, म्हणजे काय?’

‘काका, ती आपल्याला नाही तोडता येणार. उद्यान विभागाची परवानगी लागते.’

‘झाड कुठे तोडतोय? फांद्याच.’

हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की उत्तर पाठ झाले आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा १९७५चा. त्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे बुंध्यावर कुऱ्हाड चालवणे एवढेच नाही. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे सगळे त्या व्याख्येत येते. पाटीसाठी खोडात ठोकलेला खिळाही त्यात बसतो. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची अट घातली. काकांचा बदाम त्यांच्या दुकानाहून जुना होता. दुकान कधी सुरू झाले ते त्यांनी स्वतःच पाटीवर लिहायला सांगितले होते.

पण नुसता कायदा सांगून भागत नाही. पाटी दिसली पाहिजे हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्यांना घेऊन रस्त्यावर उतरले. समोरच्या फुटपाथवरून पाटी खरोखर पानांआड जात होती. पण समोरून येणारे होतेच कोण? तो रस्ता अरुंद आहे, मध्ये रिक्षा, दुतर्फा दुचाक्या. औषध घ्यायला येणारा माणूस स्टेशनकडून दुकानाच्याच बाजूने चालत येतो, आणि त्याला भिंतीला सपाट लावलेली साडेतीन फुटांची पाटी झाड नसले तरी दिसत नाही. तो पाटीच्या कडेकडे चालत असतो. त्याला दिसते ती भिंतीला काटकोनात लावलेली, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी पाटी.

मग आम्ही मागची अख्खी शीट रद्द केली. छज्ज्याखाली, फांदीच्या खालच्या पातळीत, सुटी अक्षरे थेट भिंतीवर बसवली: मराठी मोठे, इंग्रजी त्याखाली लहान. स्टेशनच्या बाजूला एक छोटी दुहेरी पाटी, चालणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर. खर्च आधीच्या अंदाजापेक्षा कमी आला, कारण शीट आणि लोखंडी सांगाडा दोन्ही वाचले. वाळलेली एक फांदी विजेच्या तारेवर टेकली होती. तिच्यासाठी काकांनी रीतसर अर्ज केला. उद्यान विभागाची माणसे आली, तेवढीच फांदी कापून गेली. बुंध्याभोवती कुणा कंत्राटदाराने पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवून बसवले होते, तेही त्याच दिवशी उचलून आळे मोकळे झाले. खालची माती इतकी घट्ट झाली होती की पहार लागली.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी दुकानदारांना कुणी सांगत नाही. पश्चिमेला तोंड असलेल्या पाटीवर दुपारचे ऊन पडते आणि छापील विनाइलमधला लाल रंग सगळ्यांत आधी जातो. दोन उन्हाळ्यांत तो गुलाबी होतो, मग मळका. सावलीतली पाटी त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते, एलईडीचे आयुष्यही वाढते. झाड पाटी झाकते हे दुकानदाराला दिसते, झाड पाटी राखते हे दिसत नाही. गाडी लावायला आणि क्षणभर थांबायलाही माणूस सावलीच शोधतो.

हे सगळीकडे पटवता आले नाही. कल्याणला एका रस्त्यावर आम्ही पाटी लावायला गेलो तेव्हा शेजारच्या दुकानासमोरचा करंज भर पावसाळ्यात सुकलेला होता. बाकीची झाडे हिरवीगार, हे एकच तपकिरी. वाकून पाहिले तर बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ड्रिलने पाडलेली भोके होती. बोटभर जाडीची, खाली तिरकी, आणि भोकांच्या तोंडाशी साल काळी पडून चिकट झाली होती. ड्रिल रोज हातात धरणाऱ्या माझ्या पोरांना काही सांगावे लागले नाही. आम्ही फोटो काढून तक्रार दिली, पंचनामा झाला. कुणी केले ते सिद्ध झाले नाही. झाड गेले.

आणि हे फक्त लहान दुकानांपुरते नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडानगरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. मुंबईत ४० बाय ४० फूट ही मर्यादा असताना ते १२० बाय १२० फुटांचे होते, हे सगळ्यांना माहीत झाले. त्या होर्डिंगच्या आड येणारी झाडे विष घालून मारल्याची तक्रार दुर्घटनेच्या आधीच झाली होती, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहिले नाही. मला ती बातमी वाचून झोप लागली नव्हती. झाडे मेली तेव्हा ती तक्रार शेवटपर्यंत लावून धरली असती, तर होर्डिंगकडेही कुणाचे तरी लक्ष गेले असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याणच्या सहजानंद चौकात होर्डिंग पडले, माणसे जखमी झाली, गाड्या चेपल्या. आम्ही त्या चौकातून माल घेऊन नेहमी जातो.

ठाण्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर आयुक्त असताना रस्ते रुंद झाले, तेव्हा वडिलांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दुकानांचे पुढचे भाग गेले, प्रत्येकाला नवी पाटी हवी. शहराला त्या रुंदीकरणाची गरज होती, हे वडील शेवटपर्यंत म्हणत. पण ते असेही म्हणत, की दुकानाची नवी रेघ आखली गेली, रस्त्याची आखली गेली, झाडाची रेघ कुणी आखली नाही. मला आज घोडबंदर रोडला काम करताना तेच दिसते. डिसेंबर २०२०पासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि ती सुटतेही. पण ती गेटच्या आत असते. तिथे हिरवळ, झोपाळे, बाक. रस्त्याच्या बाजूला दुकानांच्या ओळीसमोर टोकापासून टोकापर्यंत पेव्हर ब्लॉक. नकाशावर दाखवलेल्या चार झाडांच्या जागी दोन कुंड्या, त्याही पाटीचा उजेड अडू नये म्हणून बाजूला सरकवलेल्या. मेट्रो चारचे खांब आले तशी दुभाजकातली सावलीही गेली. अशा ठिकाणी दुपारी पाटी बसवताना शिडीच्या पायऱ्या हाताला भाजतात.

मूळ अडचण अशी आहे, की पाटी आणि झाड एका जागी असतात आणि कागदावर कधी भेटत नाहीत. आकाशचिन्हे आणि जाहिराती १९४९च्या महानगरपालिका अधिनियमाच्या २४४ आणि २४५ कलमांत आहेत. दुकानाने आपलेच नाव आपल्याच भिंतीवर लावले तर त्यात बरीच सूट मिळते. मराठी अक्षराचा आकार कामगार खात्याच्या कायद्यात. झाड वृक्ष प्राधिकरणाकडे. फुटपाथ बांधकाम विभागाकडे. प्रत्येक जण आपापल्या नियमाने बरोबर असतो आणि फांदी कापली जाते ती रात्री, शिडीवर उभ्या असलेल्या एका मुलाच्या हातून, ज्याला यातले काहीच माहीत नसते.

माझी मागणी लहान आहे. पाटीचा कुठलाही परवाना, नूतनीकरण किंवा तपासणी असो, अर्जाला दुकानाच्या दर्शनी बाजूचा एक फोटो जोडणे सक्तीचे करावे. त्यात समोरचे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसले पाहिजे, आणि पाटीचे माप त्याच फोटोवर लिहिलेले असले पाहिजे. तो फोटो उद्यान विभागालाही जावा. उद्या झाड सुकले तर विचारायला पुरावा राहील. मोठ्या बांधकामांना भोगवटा प्रमाणपत्र देताना रस्त्याकडची झाडे मोजावीत आणि ती वर्षभराने पुन्हा मोजावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आमच्या गाळ्यात आम्ही हे सुरू केले आहे. माप घ्यायला जाणारा मुलगा भिंतीबरोबर सर्वांत खालच्या फांदीची उंची आणि खोडाचे अंतर लिहून आणतो. ते नसेल तर मी अंदाजपत्रक देत नाही. काही गिऱ्हाईके त्यामुळे दुसरीकडे जातात. धंद्यातल्या माझ्या भावंडांना विनंती आहे, तुम्हीही हे सुरू करा, म्हणजे त्यांना जायला दुसरीकडे उरणार नाही. आणि दुकानदारांनो, पाटीची चौकशी करायला फोटो पाठवाल तेव्हा तो शटर आणि भिंतीपुरता कापून पाठवू नका, समोरच्या झाडासकट पाठवा.