दारात उभी घरगाडी



ऑस्ट्रेलियात पांढऱ्या केसांच्या भटक्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात. नोकरी संपली, मुलं मार्गाला लागली, की ही मंडळी कॅरावान नाहीतर मोटरहोम घेतात आणि महिनोन्‌महिने देशभर फिरत राहतात. आम्ही दोघे त्यांच्यातलेच. मुंबई सोडून १९७८ साली सिडनीला आलो. एकीने जन्मभर नर्सची नोकरी केली, दुसऱ्याने वर्कशॉपात. सुट्टी मिळाली की मुंबईचं तिकीट काढायचं, त्यामुळे हा एवढा मोठा देश बघायचा राहूनच गेला होता. म्हणून निवृत्त झाल्यावर एक जुनी मोटरहोम घेतली.

मुलांनो, मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, शेगडी, लहानसा फ्रिज, नळ आणि पडद्याआड मोरी. छपरावर सोलर पॅनेल असतं, त्यावर दिवे लागतात. गाडी भरून साडेचार टनांच्या आत असली तर इथे मोटारीच्या साध्या लायसन्सवर चालवता येते. आमच्या नातवंडांनी तिचं नाव 'घरगाडी' ठेवलं. आम्ही तिच्यात मसाल्याचा डबा, पोळपाट-लाटणं आणि शब्बाथचे दिवे कायमचे ठेवले आहेत. कुठल्याही रानात शुक्रवारची संध्याकाळ झाली की मनुकांचं सरबत करून किद्दुश व्हायचा.

२०२० साली आम्हाला पर्थला जायचं होतं. तिथे आमच्या थोरल्या नणंदबाई राहत होत्या, वय पंच्याऐंशी. त्यांनीच आम्हाला या देशात बोलावून घेतलं होतं. फोनवर म्हणाल्या, "या वर्षी पेसाहला तुम्ही आलंच पाहिजे. विमानाने नको, तुमच्या त्या गाडीनं या, मला आत बसून चहा प्यायचाय." सिडनी ते पर्थ जवळजवळ चार हजार किलोमीटर. पेसाहची पहिली रात्र ८ एप्रिलला होती. मार्चच्या अखेरीस निघायचं ठरवून आम्ही पाण्याची टाकी धुतली, गॅसचा सिलिंडर भरला, डाळ-तांदूळ बांधले.

तेवढ्यात कोरोना आला. मार्च संपायच्या आत दक्षिण ऑस्ट्रेलियाने आपली हद्द बंद केली, क्वीन्सलंडनेही केली. ५ एप्रिलला पश्चिम ऑस्ट्रेलियाने दार लावलं. कॅरावान पार्कही प्रवाशांना बंद झाले. ज्यांना दुसरं घरच नव्हतं अशांनाच तिथे राहू देत होते. पुष्कळ ग्रे नोमॅड घर विकून गाडीतच राहतात, त्यांचे फार हाल झाले. आम्हाला निदान घर होतं. गाडी दारात उभी राहिली, भरलेली, तोंड रस्त्याकडे करून. पेसाहचा सेदेर आम्ही दोघांनीच केला आणि हाग्गादा फोनवर नणंदबाईंबरोबर वाचली. त्यांचं घड्याळ आमच्यामागे, त्यामुळे आमची रात्र झाली तरी त्यांच्याकडे ऊन होतं.

उभी गाडी खराब होते, म्हणून रोजची कामं ठरवून घेतली. सकाळी उठल्यावर प्रथम दोघांचा ताप आणि ऑक्सिजन बघून वहीत लिहायचं. ती नर्सची सवय काही जात नाही. मग ह्यांनी गाडीच्या बॅटऱ्या बघायच्या. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचं आणि गाडी हातभर पुढेमागे करायची, नाहीतर एकाच जागी वजन पडून टायर बसतात. फ्रिजचं दार फडकं लावून अर्धं उघडं ठेवायचं, नाहीतर आत बुरशी धरते. दर पंधरा दिवसांनी टाकीतलं पाणी काढून झाडांना घालायचं. ती कामं संपली की दुपारचा चहा गाडीतच. दोन मग, दोन बिस्किटं, समोर शेजाऱ्याचं कुंपण. ह्यांनी मांडीवर नकाशा घ्यायचा आणि विचारायचं, "आज कुठे पोचलो?" आम्ही म्हणायचं, "ब्रोकन हिल." दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टा, मग सेडूना. असे बसल्या जागी तीनदा पर्थला जाऊन आलो. नणंदबाई रोज फोनवर विचारत, "कुठवर आलात गं?"

जूनमध्ये आमच्या राज्यात फिरायला परवानगी मिळाली, जवळपास चार-सहा दिवस जाऊन आलो. पण ८ जुलैला व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समधली हद्दसुद्धा बंद झाली. १९१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर ती प्रथमच बंद झाली होती. मेलबर्नच्या लोकांनी तर सहा लॉकडाऊन मिळून २६२ दिवस घरात काढले.

आमच्या सिडनीची खरी पाळी २०२१ साली आली. २६ जूनला लॉकडाऊन लागला तो ११ ऑक्टोबरपर्यंत. आम्ही परामॅटाकडे राहतो. तिकडच्या पश्चिम भागावर जास्त कडक नियम होते. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही आणि ऑगस्टच्या अखेरीपासून काही आठवडे रात्री नऊनंतर बाहेर पडायचं नाही. चार हजार किलोमीटर जायला निघालेली माणसं आम्ही, पाच किलोमीटरच्या आत फिरत होतो.

त्याच सप्टेंबरात नणंदबाई गेल्या. कोविडने नव्हे, झोपेत हृदय थांबलं. परवानगीचा अर्ज, चौदा दिवसांचं विलगीकरण, हे सगळं होईपर्यंत दफन थांबतं का? पर्थमध्ये दहा माणसं जमली, त्यांनी कद्दीश म्हटला. आम्ही फोनच्या पडद्यावर बघितलं. हे सात दिवस जमिनीवर बसले, पण घरी शोकाला कोणी येऊ शकत नव्हतं. शेजारची लेबनीज बाई तेवढी रोज दारात मसूरच्या सुपाचं भांडं ठेवून, घंटी वाजवून लांब उभी राहायची.

नर्स म्हणून आम्ही हद्द बंद करणं चूक होतं असं म्हणणार नाही. आम्ही साथीच्या रोगांच्या वॉर्डात काम केलं आहे, दार लावण्याने काय वाचतं ते ठाऊक आहे. त्या दोन वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियात कोविडने फार थोडी माणसं गेली. ज्या हद्दीने आम्हाला अडवलं, तिनेच नणंदबाईंना शेवटपर्यंत त्या रोगापासून जपलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि बहीण ज्याची गेली त्याला एकीने दुसरीचं दुःख कमी होत नाही.

लवकरच आमचा दारफाळणीचा सण आला. मुलांनो, योम किप्पुरला आपले कोकणातले पूर्वज दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपास धरून आत बसायचं. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गोरगरिबांना दान द्यायचं, नातेवाइकांना भेटायला जायचं. तेव्हा आम्हाला कळलं, की पूर्वजांनी एक दिवस दार लावायला सांगितलं आणि लगेच दुसरा दिवस भेटीगाठींचा ठेवला. आमच्या नशिबी त्या वर्षी दारफाळणी लांबली आणि शिळा सण काही आला नाही.

१ नोव्हेंबर २०२१ पासून सिडनीकरांना राज्यात गावोगाव फिरता येऊ लागलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं दार ३ मार्च २०२२ रोजी उघडलं. पेसाह झाल्यावर आम्ही घरात मलिदा केला, एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं आणि निघालो. सेडूनाच्या पुढे नलारबोरचं मैदान लागतं, नावाचा अर्थच 'झाड नाही'. तिथे १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. हद्दीच्या नाक्यावर फळं, भाज्या, मध काढून घेतात, पिकांना कीड लागू नये म्हणून. हा नियम कोरोनाच्या आधीपासूनचा. हे त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "या वेळी आम्हाला आत घेता ना, मग कांदे-बटाटे खुशाल घ्या."

पर्थच्या दफनभूमीत आम्ही कबरीवर दोन खडे ठेवले, एक परामॅटाच्या नदीकाठचा, एक नलारबोरचा. मग दफनभूमीबाहेर गाडीत चहा केला. तीन मग भरले.

न्यू साउथ वेल्समध्ये पंचाहत्तरीनंतर दरवर्षी डॉक्टरांचा दाखला दिल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. ह्यांचा दाखला मागच्या वर्षी डोळ्यांपायी थांबला. आमच्या वयात दोन वर्षं बंद राहिली म्हणजे ती पुढे जोडून मिळत नाहीत. आता थोरली नात गाडी चालवते आणि आम्ही मागे बसून तिला रस्ता सांगतो, तिला नको असला तरी. या हिवाळ्यात डार्विनकडे जायचा बेत आहे.

वाचकांपैकी कोणी सिडनीला आलात तर जरूर कळवा. घरात जागा आहेच, पण चहा मात्र घरगाडीतच मिळेल.