गॅलिपोली कोणाबरोबर पाहावी?

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहाजण तुर्कस्तानला गेलो. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांची जियारत ही अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, फार वर्षांची इच्छा होती. कोन्याला मौलाना रूमींच्या मजारीवर जायचे हा माझा हट्ट. परतीच्या आधी इस्तंबूलमध्ये दोन दिवस मोकळे होते. ते नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या माझ्या मुलाने मागून घेतले. त्याला गॅलिपोलीची रणभूमी पाहायची होती.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात उस्मानी सल्तनत जर्मनीच्या बाजूला होती. इस्तंबूल घ्यायचे तर दार्दानेल्सच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जावे लागते. १८ मार्च १९१५ ला इंग्रज आणि फ्रेंच जहाजांनी जोर लावला. पण ‘नुसरत’ नावाच्या लहानशा तुर्की बोटीने दहा दिवस आधी गुपचूप पेरलेल्या २६ सुरुंगांनी घात केला आणि त्या दिवशी तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. मग २५ एप्रिलला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या गेल्या. साडेआठ महिने लढाई चालली. दोन्हीकडचे मिळून सव्वा लाखाच्या वर माणसे गेली आणि जानेवारी १९१६ मध्ये इंग्रज रिकाम्या हाताने परतले. तुर्क या लढाईला चनाक्काले म्हणतात.

हॉटेलच्या काउंटरवर दोन पत्रके मिळाली. पहिले इंग्रजीत, ‘एका दिवसात संपूर्ण गॅलिपोली’. पहाटे निघायचे, रात्री परत. मी शाळामास्तरीण, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. जायला पाच तास, यायला पाच तास, त्यात जेवण. रणभूमीवर उरले जेमतेम चार तास, तेही सगळे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या, म्हणजे अनझाकांच्या भागात: आरीबुर्नूचा किनारा, लोन पाइन, चुनुक बायर. दुसरे पत्रक तुर्की कुटुंबांसाठी होते. त्यात शहिदांचे भव्य स्मारक होते, किल्ले होते, पण मार्गदर्शक फक्त तुर्की बोलणारा.

मुलगा म्हणाला, “अम्मी, यात हिंदुस्थानी सैनिक कुठेत?”

मी काउंटरवरच्या तरुणाला विचारले. तो हसून म्हणाला, “हिंदुस्थान? मॅडम, ते तिथे नव्हते.”

नव्हते कसे? सुमारे पंधरा-सोळा हजार हिंदुस्थानी तिथे होते. पहिल्याच दिवशी अनझाकांबरोबर हिंदुस्थानी पहाडी तोफखाना उतरला, त्यात पंजाबी मुसलमान आणि शीख होते. खेचरांवरून पाणी, दारूगोळा आणि रोटी वर पोचवणारे बहुतेक आपल्याकडचेच. शीख आणि गुरखा पलटणी होत्या. ६९ आणि ८९ क्रमांकाच्या पंजाबी पलटणीही मे महिन्याच्या सुरुवातीला उतरल्या होत्या, पण त्यांत मुसलमान सिपाही बरेच. खलिफाच्या फौजेवर त्यांनी गोळी झाडावी की नाही, याची धास्ती इंग्रज अधिकाऱ्यांनाच वाटली. काही दिवसांतच दोन्ही पलटणी तिथून काढून फ्रान्सला धाडल्या. ही धास्ती हवेतली नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरला मुसलमान सिपायांनी बंड केले होते आणि तुर्कांविरुद्ध लढायला पाठवतील ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

तर आम्ही दोन्ही पत्रके परत केली. रात्र चनाक्काले शहरात काढायची आणि दुसऱ्या दिवशी तिथलाच मार्गदर्शक सबंध दिवसासाठी घ्यायचा, असे ठरले. ग्रँड बाजारची खरेदी त्यात गेली. नणंद रुसली, संध्याकाळच्या बसमध्ये बसेपर्यंत गप्प होती.

मार्गदर्शक ठरवण्याआधी माझ्या शौहरांनी फोनवर बरेच खोदून विचारले, आणि जाणाऱ्या प्रत्येकाने ते विचारावे असे मला वाटते. परवाना आहे का? (परवानाधारकाकडे ओळखपत्र असते, ते बघावे.) गाडीतून दाखवणार की उतरवून चालवणार? दक्षिण टोकाला, सेद्दुलबहिर आणि हेलेसला, नेणार का? बहुतेक सहली तिथे जात नाहीत, अनझाक भागापासून ते अंतर पंचवीस-तीस किलोमीटर पडते. नमाजसाठी थांबणार का? आम्ही हनफी, प्रवासात कसर करतो पण दोन नमाजा एकत्र करत नाही, तेव्हा जोहर आणि असरसाठी दोन वेगळे थांबे हवेत. नणंदेचे सासर कोकणात, शाफई. तिने सांगून टाकले की मला एक थांबा पुरे. शिवाय १८ मार्च आणि २५ एप्रिलच्या आसपास जाऊ नये, गर्दीत काही दिसत नाही. टोपी आणि पाणी मात्र बरोबर हवेच. डोंगरावर सावली नाही.

सकाळी फेरीबोटीने सामुद्रधुनी ओलांडून एजेआबातला उतरलो. उर्दू शिकवणाऱ्या बाईला तिथल्या पाट्या वाचताना फार मजा येते. किलिदबहिर म्हणजे समुद्राचे कुलूप. सेद्दुलबहिर म्हणजे समुद्राला घातलेला बांध. चनाक म्हणजे मातीचे भांडे आणि काले म्हणजे आपला किल्लाच. अम्मींनाही अर्थ लागत होते, त्या खूश.

आमचा मार्गदर्शक पन्नाशीचा, शांत. मला तो आवडला याचे एक कारण असे की त्याने करामतींचे किस्से सांगितले नाहीत. काही मार्गदर्शक हिरव्या फेट्याचे बुजुर्ग ढगातून उतरून लढले वगैरे सांगतात, लोक रडतातही. हा म्हणाला, माणसे लढली, त्यांची नावे आहेत, गावे आहेत. सय्यद ओन्बाशीने दोनशे किलोंहून जड तोफगोळा पाठीवर उचलल्याची हकिगत सांगतानाही त्याने आकडा फुगवला नाही.

डोंगरावर एके ठिकाणी रस्त्याच्या या कडेला अनझाकांचा खंदक आणि त्या कडेला तुर्कांचा. मधे फक्त रस्ता. माझा मुलगा एका खंदकात उतरला आणि मुलगी दुसऱ्यात, आणि दोघे साध्या आवाजात बोलू शकत होते. तिथे मला बराच वेळ काही सुचले नाही. मुस्तफा कमाल यांच्या तुकडीतल्या दोन रेजिमेंट बहुतांशी अरब सिपायांच्या होत्या, हेही त्याने तिथेच सांगितले. म्हणजे तुर्कांच्या बाजूलाही सगळे तुर्क नव्हते.

दुपारनंतर हेलेसला पोचलो. द्वीपकल्पाच्या टोकावर उंच दगडी स्तंभ आहे आणि भोवतीच्या भिंतींवर ज्यांना स्वतःची कबर नाही अशांची वीस हजारांहून अधिक नावे. हिंदुस्थानी फौजेच्या पलटणी शोधायला वेळ लागला. मुलानेच हाक मारली. सिंग, सिंग, थापा, गुरुंग, आणि मधेच खान, मुहम्मद, अली. त्याने एका नावावर बोट ठेवले.

“अम्मी, हा कोणाच्या बाजूने?”

मी म्हटले, इंग्रजांच्या. पगार इंग्रजांचा, घर पंजाबात, आणि समोरून जी अजान ऐकू येत असेल ती त्याचीच. चारच वर्षांनी याच खिलाफतीसाठी मुंबईत समिती उभी राहिली. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून मिलादचा जुलूस निघतो तो याने पाहिला आहे. तो मागे नेऊन जोडायला त्याला जरा वेळ लागला.

थोड्या अंतरावर तुर्की शहिदांचे स्मारक दिसत होते, चार खांबांचे, जवळपास बेचाळीस मीटर उंच. तिथे फातेहा पढायची हे अम्मींनी सकाळपासून ठरवलेले होते. त्या भिंतीजवळच उभ्या राहिल्या. “बेटा, यांच्यासाठी मागितले तर त्यांना वाईट वाटेल का गं?” त्यांनी मला विचारले. मला उत्तर आले नाही. मार्गदर्शकाला हिंदी कळत नव्हते, त्याने शौहरांना अर्थ विचारला. ऐकल्यावर त्याने घड्याळ खिशात टाकले, अम्मींच्या मागे येऊन उभा राहिला आणि हात उचलले.

असरची नमाज आम्ही स्मारकाजवळ अदा केली. एजेआबातची ठरलेली फेरीबोट चुकली. पुढची येईपर्यंत नणंदेने धक्क्यावरच्या दुकानातून दोन स्कार्फ घेतले.