दारूचा हिशेब कुणाच्या वहीत?

27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी उठवली. ती 1 एप्रिल 2015 पासून लागू होती. कारणं सांगितली गेली: अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. हे सगळं खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच विचारतो की गुन्हे मोजले, तिजोरीतली तूट मोजली, पण घरी पोचलेली मजुरी आणि थांबलेली मारहाण कुणी मोजली?

डिसेंबर 2010 मध्ये श्रमिक एल्गारच्या हाकेवर हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. त्यांच्याकडे अनुभव होता, आकडे नव्हते. दुकानदाराकडे मात्र रोजच्या विक्रीचा आकडा असतो, उत्पादन शुल्क खात्याकडेही असतो. ज्याच्याकडे आकडा, त्याच्याकडे धोरण.

सरकार मोजतच नाही असं नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पैशातून एम्सने देशभर पाहणी केली. 2019 च्या अहवालानुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक 5.7 कोटी. पण हे अंदाज देशाचे आणि राज्यांचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 म्हणते, महाराष्ट्रात 13.9 टक्के पुरुष पितात. या सरासरीत कोरची, भामरागड, जिवती कुठे दिसतात?

आणि मोजायचं तर नीट मोजा. गोंड-माडियांच्या पूजेतली मोहाची दारू आणि ठेकेदाराने गावात आणलेली देशी एकाच रकान्यात टाकली, तर निष्कर्ष ठरलेला: 'आदिवासी दारुडे'. असा आकडा आपल्यावरच उलटतो.

पैसा कुणाचा, हेही बघावं लागतं. अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेने 'थोडी दारू हृदयाला चांगली का' हे तपासणारा सुमारे 10 कोटी डॉलरचा अभ्यास जून 2018 मध्ये बंद केला. त्यातला मोठा वाटा दारू कंपन्यांचा होता आणि अधिकाऱ्यांनीच तो मागितला होता. आपल्याकडे तर सरकार स्वतःच दारूच्या महसुलावर चालतं. मग राखणदारावर राखण कोण ठेवणार?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दारूच्या महसुलातला ठरावीक हिस्सा स्वतंत्र संशोधनासाठी कायद्याने बांधा. कंत्राट विद्यापीठाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला द्या, दारू उद्योगाचा रुपयाही नको. कार्यक्रम राबवणाऱ्याने स्वतःचा निकाल मोजू नये. हा नियम सरकारला, स्वयंसेवी संस्थांना आणि आपल्या संघटनांनाही लागू. पाहणीत आपल्याच वस्त्यांतली शिकलेली मुलं-मुली पगारावर घ्या. आणि आकडे आधी ग्रामसभेत वाचा, मग मंत्रालयात. पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिलाच आहे. माहितीशिवाय तो अधिकार कागदावरच राहतो.

16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्या दीक्षेचा भाग आहे. ती पाळणं आपलं काम. पण राज्यघटनेच्या कलम 47 ने जी जबाबदारी राज्यावर टाकली, ती आपल्या प्रतिज्ञेवर ढकलून सरकारला मोकळं होता येणार नाही. मित्रांनो, पुढच्या मोर्चात निवेदनासोबत माहिती अधिकाराचा अर्जही घेऊन चला.

जय भीम! जय सेवा!