पुढचे ब्रेक

आमच्या अंगणात फणसाखाली एक जीप उभी असते. 1998 सालची, डिझेलवरची, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. अब्बांनी ती घेतली तेव्हा आम्ही चौथीत होतो. आता आम्ही बी.एड. होऊन उर्दू हायस्कुलात विज्ञान शिकवतो, आणि जीप तिथेच आहे. (आम्ही म्हणजे एकटेच. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाच्या जिभेवर 'हम' लवकर येतो, 'मी' म्हणताना अजून संकोच वाटतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

चिपळूणजवळच्या आमच्या गावात या जीपला मोठा मान होता. रात्री-बेरात्री बाळंतीण न्यायची तर हीच, लग्नात नवरदेव आणायचा तर हीच. अब्बा स्टिअरिंगवर असले की मागे बसलेली म्हातारी माणसं निर्धास्त झोपत. घाट उतरताना ते एकच नियम सांगत. ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याला ते ड्रायव्हर मानतच नसत.

आमची आपा कराडला दिली आहे. 2022 ची रमजान ईद 3 मे रोजी झाली. त्यानंतर चार दिवसांनी आम्ही सगळे तिच्याकडे गेलो आणि सुट्टीसाठी तिची दोन मुलं घेऊन परत निघालो. गाडीत आम्ही सातजण, शिवाय गुळाच्या ढेपा आणि आपाने बांधून दिलेली गाठोडी. कोयनेच्या बाजूने हेळवाक गेलं, घाटमाथ्यावर चहा झाला, आणि अब्बांनी कुंभार्ली घाट उतरायला सुरुवात केली.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. आमच्या ते लक्षात आलं, पण बोललो नाही. अब्बांना गिअरबद्दल सांगणं म्हणजे हाफिजसाहेबांना कुराणातला जेर-जबर सांगण्यासारखं. दोन-तीन वळणं गेली. ब्रेकवर पाय, थोडा सोडला, परत पाय. मग वास आला. जळक्या लायनरचा वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो जन्मभर ओळखू येतो. अम्मी म्हणाल्या, "कुणाचं तरी काही जळतंय."

पुढच्या वळणावर अब्बांनी ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट लागत होतं आणि गाडी मात्र थांबत नव्हती. त्यांनी पुन्हा दाबला, तेव्हा पेडल मऊ होऊन खाली गेलं. अब्बांनी तोंडातल्या तोंडात "या अल्लाह" म्हणत डावा पाय क्लचवर रोवला, गाडी खेचून दुसऱ्यात टाकली, हातब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या गटारात डावी चाकं उतरवली. खरखर करत जीप थांबली. कुणाला खरचटलंही नाही. गुळाची एक ढेप फुटली तेवढीच.

आपाचा मोठा मुलगा पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावला. अब्बा ओरडले, "पाणी नको टाकू! तापलेलं बीड आहे, तडकेल." मग आम्ही सगळे कठड्यावर बसलो. खाली पोफळी दिसत होती. तासाभराने अब्बांनी पेडल दाबून पाहिलं, ब्रेक परत आला होता. जणू काही झालंच नव्हतं. उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दर वेळी क्लच दाबताना अब्बांच्या डाव्या गुडघ्याशी त्यांचा हात जात होता, तो आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

घरी आल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "ऑईल जुनं झालं असेल."

दुसऱ्या दिवशी जीप हळूहळू चालवत चिपळूणला मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाकं काढली, ड्रम ठोकून बाहेर ओढले आणि आम्हाला जवळ बोलावलं. लायनरवर काच आली होती, म्हणजे जळून ते गुळगुळीत चकचकीत झाले होते. व्हील सिलिंडर झिरपत होता. आणि कोपऱ्याकोपऱ्यांत सुकलेला बारीक चिखल होता. मिस्त्रींनी तो बोटावर घेऊन चोळला. "हा महापुराचा."

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा जीप बाजारपेठेत एका नातेवाइकाच्या दारात उभी होती. बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही इंजिन खोललं, गिअरबॉक्सचं ऑईल बदललं, सीट उन्हात वाळवल्या. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले. ब्रेकचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गाडी चालू झाली म्हणजे गाडी वाचली, असंच सगळ्यांनी धरलं. थांबते का, हे विचारायचं राहून गेलं. चूक गाडीची नव्हती, आमचीच होती.

मिस्त्रींनी मग जे समजावलं ते ऐकून आम्हाला मास्तर म्हणून शरम वाटली. ड्रम ब्रेकमध्ये दोन शू आतून बाहेर दाबले जाऊन फिरत्या ड्रमला घासतात. घासून ड्रम तापतो, तापला की फैलावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लायनरही तापून पकड सोडतो. अहो, धातूचा गोळा आणि कडी घेऊन उष्णतेने प्रसरण होतं हे आम्ही दरवर्षी मुलांना दाखवतो! गोळा तापवा, तो कडीतून जात नाही. कडी तापवा, ती मोठी होते. ती कडी आमच्या गाडीच्या चाकात इतकी वर्षं फिरत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मऊ पेडलचं कारण वेगळं. ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. नवं डॉट 3 ऑईल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तोच आकडा 140 च्या आसपास येऊ शकतो. तापलेल्या चाकाजवळ ते उकळलं, त्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली गेला. पास्कलचा नियम आम्ही फळ्यावर कितीदा लिहिला असेल.

त्या रात्री आम्ही वहीत एक हिशेब मांडला. माणसांसकट जीप 2 टन, घाटाची उतराई समजा 500 मीटर. जवळजवळ एक कोटी ज्यूल झाले. एवढ्या उष्णतेत तीसेक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. त्याच सह्याद्रीवरून कोयनेचं पाणी खाली सोडून पोफळीला वीज करतात. आम्ही सातजण गुळासकट तसेच खाली आलो आणि आमची सगळी शक्ती ड्रमात कोंबली. दुसऱ्या गिअरमध्ये आलो असतो तर तिच्यातला मोठा वाटा इंजिनाने सोसला असता.

मिस्त्रींनी दोन रस्ते सांगितले. लायनर, सिलिंडर आणि ऑईल नवं घालून ड्रम तसेच ठेवायचे, किंवा पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायच्या. ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढे येतं, म्हणून जास्त काम पुढच्या ब्रेकला. मागे ड्रम चालतील. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडपासून दूर पळत नाही. चिखलपाणीही फिरता फिरता फेकून देते.

पण डिस्कचं एक आहे. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन अधिक घट्ट बसतो, पायाला मदत करतो. डिस्क तशी मदत करत नाही, पायाला जोर जास्त लागतो. म्हणून व्हॅक्युम बूस्टर हवा. आमच्या जीपला बूस्टर नव्हता. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखं व्हॅक्युम मिळत नाही, म्हणून पंपवाला अल्टरनेटर हवा. असं एकातून एक निघत खर्च 40 हजारांच्या घरात गेला. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता तेवढ्यात जमा झाला होता. बायको म्हणाली, "घ्या त्यातून. फ्रिज पुढच्या हप्त्याला." शेजारचे चचा म्हणाले, "भंगारात काढा, नवी घ्या." आर.टी.ओ.त आधी जाऊन विचारून आलो. हरकत नाही असं कळलं, मगच मिस्त्रींना हो म्हटलं.

ब्रॅकेट तेवढी जुन्या पार्टच्या बाजारातून आली. डिस्क, पॅड, कॅलिपर, होज मिस्त्रींनी नवेच घ्यायला लावले. "साहेब, दुसऱ्याने वापरलेला ब्रेक आणि दुसऱ्याने वापरलेला दातांचा ब्रश, दोन्ही घेऊ नयेत."

पहिल्यांदा फिरवून आणली तर गाडी जड चालली, आणि पुढच्या डिस्क हात लावता येणार नाहीत इतक्या तापल्या. ब्रेक न मारता! मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला होता. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून त्याला बारीक व्हॉल्व्ह असतो. ड्रमच्या शूला जोरदार स्प्रिंग मागे खेचते, त्यामुळे तो दाब बाधत नाही. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नाही, ते चिकटून राहिले. पुढे डिस्क, मागे ड्रम असा मास्टर सिलिंडर कोल्हापूरहून मागवला, आणखी चार दिवस गेले.

या चार दिवसांत आम्हाला एक गोष्ट सुचली आणि झोप उडाली. उतारावर अब्बा तिसऱ्यात का होते? त्यांना नियम माहीत नव्हता असं थोडंच आहे. डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांनी गिअर बदलायचं टाळलं आणि उजव्या पायाने ब्रेक धरून ठेवला. आणि आम्ही त्यांना आणखी चांगला ब्रेक देत होतो, म्हणजे आणखी जास्त वेळ पाय ठेवता येईल! डिस्कसुद्धा तापते. तिचंही ऑईल उकळतं, उशिरा उकळतं इतकंच.

खरं म्हणजे आम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. अब्बा, आता घाटात तुम्ही चालवू नका. ते बोलायची हिंमत नव्हती, म्हणून 40 हजारांचे पार्ट आणले होते.

शेवटच्या दिवशी अब्बा गॅरेजवर आले. एस.टी.ने, न सांगता. टायरवर बसून त्यांनी चहा घेतला आणि डिस्ककडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली, "हवा काढायला पेडलवर कोण बसतंय?" आम्ही उठलो, पण अब्बा आधीच सीटवर चढले होते.

सगळ्यात लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात झाली. मिस्त्री गाडीखालून म्हणायचे, "मारा... मारा... धरून ठेवा." अब्बा पेडल धरून ठेवायचे. निप्पल सुटला की पारदर्शक नळीतून डॉट 4 चं पिवळसर ऑईल बुडबुड्यांसकट बाटलीत यायचं. "सोडा." पुन्हा मारा. चार चाकांना तासभर लागला. बाटली आमच्या हातात होती. शेवटच्या चाकाला बुडबुडे संपले तेव्हा अब्बा वरून म्हणाले, "आता पाय वरच लागतो."

"हो अब्बा."

"हा पाय चांगला आहे माझा." मग थोडं थांबून, "त्या दिवशी दुसरा टाकायला हवा होता मी."

आम्ही बाटलीचं झाकण लावत राहिलो.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे नवे पॅड बसेपर्यंत काही दिवस जोरात ब्रेक मारायचा नव्हता. सपाटीवर हळूहळू वेग वाढवायचा, हलकेच कमी करायचा, मध्ये निवू द्यायचं. हे अब्बांनी मोठ्या निष्ठेने केलं. रोज फजरनंतर हायवेपर्यंत जाऊन यायचे.

दिवाळीच्या सुट्टीत आपाकडे जायचं ठरलं. सामान भरलं, अम्मी बसल्या, मुली बसल्या. अब्बा बाहेर आले आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूने चढले. अम्मींना मागे सरकायला लावलं. किल्ली डॅशबोर्डवर ठेवली. कुणी काही विचारलं नाही.

येताना घाटमाथ्यावर चहा झाला. आम्ही गाडी सुरू केली, पहिलं वळण समोर दिसत होतं. अब्बा काचेतून बाहेर दरीकडे पाहत होते.

"दुसरा टाक," ते म्हणाले.